आते काय करस रे भो?

(पत्र लांब होतं, थोडं कापून देते आहे.)

"ताई, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला, वय २४. आठ ते बारा या वयात एका मराठी मालिकेत धाकट्या मुलाचं काम केलं. साडेतीन वर्षं. माय माझ्यासोबत मुंबईत खोली घेऊन राहिली, नाना गावी. मग मालिकेने लीप घेतला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेली, आणि माझ्या जागी मोठा नट आला. मला ते सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांकडून कळलं. गावी परत आलो, बी.कॉम. झालो, आता मामांच्या ठिबकच्या दुकानात काम करतो. मध्ये एकोणिसाव्या वर्षी सात महिने मुंबईत ऑडिशन देऊन आलो. 'चेहरा ओळखीचा वाटतो' यापुढे कोणी गेलं नाही. पण इकडे अजून बसस्टँडवर, लग्नात लोक अडवतात, सेल्फी घेतात आणि मग विचारतात, 'आते काय करस रे भो?' (आता काय करतोस रे भाऊ?) मागच्या महिन्यात मुलगी बघायला गेलो, तिच्या काकांनी तो डायलॉग म्हणायला लावला. पोह्यांची बशी हातातच होती. म्हटला. चार दिवसांनी नकार आला. त्या पैशांत चार एकर घेतले, बोअर झाली, मोठ्या बहिणीचं लग्न झालं. किती आले ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नाना म्हणतात, एकदा फोन तर कर, ती माणसं ओळखतात तुला. मला परत जायचं आहे की नाही हेच कळत नाही. आणि आता नाना बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला डायलॉग शिकवतायत. दिवाळीनंतर त्याला मुंबईला न्यायचं, सोबत मी जायचं, असं घरात ठरत आलंय. काय करू? – तोच तो पोऱ्या"

भाऊ,

सही वाचून आधी हसू आलं, मग राहिलं. तुला तुझ्या सहीनेच हाक मारणं मला जमणार नाही, म्हणून भाऊ म्हणते.

ती पोह्यांची बशी काही डोळ्यांपुढून जात नाही. त्याचं कारण माझ्याकडेच आहे. मी बत्तीस वर्षं शिक्षिका होते, त्यातली बरीचशी भुसावळात. एका वर्गात एक मुलगा होता, त्याने लहानपणी बिस्किटाच्या जाहिरातीत काम केलं होतं. दोन वाक्यं आणि एक हसू. शाळेत कोणी पाहुणे आले की ऑफिसातून निरोप यायचा आणि मी त्याला उभं करायची. सातवीत त्याचा आवाज फुटला. तपासणीला साहेब आले होते. त्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, दुसऱ्या वाक्यावर आवाज चिरकला, वर्ग खिदळला, साहेबही हसले. तो खाली बसला आणि कर्कटकाने बाकावर रेघ ओढत राहिला, एकाच जागी, लाकडाचा भुसा निघेपर्यंत. त्यानंतर मी त्याला कधी उठवलं नाही. पण त्याआधी सहा-सात वेळा उठवलं होतं, ते माझ्या खात्यावर आहेच.

आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो, भाऊ. तुझंही गेली बारा वर्षं कौतुकच चाललंय, आणि माझ्या मते सगळा घोळ या एका शब्दाने केलाय. तू जे केलंस ते काम होतं. सकाळी सातचा कॉल, मेकअप, एकच रडणं आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्याच्या खांद्यावरून. केस वाढले तर ओरडा, दात पडला तर ओरडा, कारण कालच्या सीनमध्ये तो दात होता. दुधाचा दात पडला म्हणून वरिष्ठ चिडतात अशी दुसरी नोकरी माझ्या ऐकण्यात नाही. ठिबकच्या दुकानात तू लॅटरल (ठिबकची बारीक नळी) मोजून देतोस, फिल्टर बसवून देतोस, त्याला घरात कोणी 'देवाने दिलं' म्हणतं का? पण त्या साडेतीन वर्षांना म्हणत असतील. नशीब म्हणत असतील. आणि नशिबाचा हिशेब कोण मागणार? म्हणूनच तुला तो मागता आला नाही.

मुलीच्या काकांचंही तेच. दुकानाबाहेर भेटलेल्या माणसाने 'जरा पाइप जोडून दाखव' म्हटलं तर तू हसून पुढे जाशील. पुढच्या वेळी पोह्यांच्या बैठकीत कोणी डायलॉग मागितला तर सांग, 'काका, ते काम मी बाराव्या वर्षी सोडलं.' त्यावर ज्यांना राग येईल त्यांच्याकडून नकार आलेला बरा.

पूर्वी पडद्यावरच्या नावांत लहान मुलांच्या नावाआधी 'मास्टर' किंवा 'बेबी' लावत. ते कधी काढायचं याचा नियम नव्हता. आपल्या जळगावातच बघ. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचं गाणं ऐकून टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटल्याचं सांगतात. त्याच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला. पुढे तो माणूस रंगभूमीचा राजा झाला, म्हातारा झाला, १९६७ मध्ये गेला, पण नावातलं 'बाल' सुटलं नाही. जळगावच्या खुल्या नाट्यगृहावरही ते तसंच आहे. इतक्या मोठ्या माणसाचं सुटलं नाही, तर तुझं पारोळ्याच्या बसस्टँडवर इतक्यात कसं सुटेल?

तुझे नाना तुला सचिन पिळगावकरांचं उदाहरण देत असणार. लहानपणी 'हा माझा मार्ग एकला'मध्ये होते, पुढे नायक झाले, दिग्दर्शक झाले. खरं आहे. मी तुला दुसरं सांगते, तुझ्या घराच्या जवळचं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, हे तुला शाळेपासून पाठ असेल. त्यांच्या 'श्यामची आई'वर अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यातला श्याम झालेला शाळकरी मुलगा म्हणजे माधव वझे. एवढं यश मिळालेला मुलगा पुढे काय झाला? पुण्यात इंग्रजीचा प्राध्यापक. नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली, उतारवयात एखाद-दुसऱ्या चित्रपटात दिसले. २०२५ मध्ये ते गेले, तेव्हाही बातम्यांत 'श्याम' होताच. पण मधली साठ-सत्तर वर्षं त्यांनी त्या श्यामला विचारून काढली नव्हती. नाटकाशी नातं ठेवलं, फक्त आपल्या अटींवर.

आणि तिसरं उदाहरण लोक हळहळत सांगतात ते. १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शफीक सय्यद पुढे बंगळुरूत रिक्षा चालवत होता. मला त्या हळहळीचा राग येतो. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या हजारो माणसांसाठी हळहळत नाहीत ना? मग याच्याच रिक्षेत बसून 'अरेरे' कशाला? तुझ्या ठिबकच्या दुकानाकडे बघून कोणी 'अरेरे' म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. पारोळ्यात पाण्याचा थेंब मोजून देणाऱ्या माणसाला अरेरे म्हणण्याइतका पाऊस मी तरी तिकडे पाहिला नाही.

आता भाच्याचं. यालाच तारीख लागलेली आहे, म्हणून सविस्तर.

तू काम केलंस तेव्हा नियम सैल होते. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात बदल झाला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला सिनेमा, मालिका, जाहिरातीत काम करता येतं, पण शाळेला धक्का न लावता आणि अटींवर. अटी तुला पाठ हव्यात, कारण सेटवर त्या कोणी वाचून दाखवत नाही. शूटिंग ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि मिळकतीतला कमीत कमी २० टक्के भाग थेट मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, जो त्याला सज्ञान झाल्यावर मिळेल.

'थेट' हा शब्द मुद्दाम लिहिला. नानांच्या खात्यात येऊन मग ठेव करू, असं नाही.

अशा कायद्यांची गोष्ट बरीच जुनी आहे. १९२१ मध्ये चॅप्लिनच्या 'द किड'मध्ये जॅकी कूगन नावाचा पोरगा होता, जगभर गाजला. मोठा झाल्यावर बघतो तर कमाई आईने आणि सावत्र बापाने उडवलेली. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला. काही दशलक्ष डॉलर कमावले होते, हाती आले जेमतेम सव्वा लाख. त्याच्या त्या भांडणामुळे कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये बालकलाकारांच्या कमाईतला हिस्सा बाजूला ठेवण्याचा कायदा झाला. म्हणजे पहिला नियम झाला तोच एका मुलाचं बुडाल्यावर. कूगन पुढे १९६४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर एक टकला, विक्षिप्त काका म्हणून पुन्हा लोकांच्या घरात शिरला. ते गोजिरं पोरगं ते हेच, हे सांगूनही पटत नसे इतका बदललेला. मला हा माणूस आवडतो.

तर तू भाच्यासोबत जायचं की नाही? मी म्हणेन, जाणार असतील तर तूच जा. तुझ्या घरात सेट आतून पाहिलेली माणसं दोनच, तू आणि माय. मायने एकदा साडेतीन वर्षं दिली आहेत, तिला पुन्हा मागू नका. 'पॅकअप' म्हणून ओरडल्यावरही 'एकच शॉट' कसा निघतो, ते तुला माहीत आहे. लहान मूल रडत नाही म्हटल्यावर त्याच्या कानात कोणीतरी जाऊन काय सांगतं, तेही तुला माहीत असावं. पत्रात लिहिलं नाहीस, पण मला तसं वाटतं. तिथे 'आता बस, पाच तास झाले' म्हणायला घरचा एक माणूस हवा आणि तो बाहेर खुर्चीवर बसून मोबाईल बघणारा नको. पण जाण्याआधी दोन गोष्टी घरात सगळ्यांसमोर ठरव: करारावर बहीण आणि मेहुणे सही करतील, नाना नाही, आणि मालिकेला 'लीप' आला तर ती बातमी त्या मुलाला घरचं माणूस सांगेल, स्पॉटदादा नाही.

यावर नाना चिडतील. चिडू देत. तेव्हाच मग हिशेबाचा विषय निघेल.

कसा काढायचा? जेवताना नको, पाहुण्यांसमोर नको, आणि दोन घोट घेतलेले असताना तर नकोच. तुमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते ना? नाना मोटर चालू करायला मळ्यात जातात, तेव्हा त्यांच्यासोबत जा. बोअर तुझ्या पैशाची आहे, तिच्याजवळ बसून बोलायला हरकत नाही. पहिलं वाक्य 'माझे पैसे कुठे गेले' असं असेल तर तिथेच संपलं. 'नाना, तेव्हा एका दिवसाचे किती मिळायचे हो?' एवढंच विचार. बापाला आकडे आठवायला लाव. आकडे आठवणारा माणूस भांडत नाही, त्याला पहिला चेक आठवतो, तो वटायला किती दिवस लागले ते आठवतं. (टीव्हीचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, हे तुला सांगायला नको. त्या तीन महिन्यांत मुंबईच्या खोलीचं भाडं कुठून गेलं, हेही कळू दे. कापूस विकून गेलं असेल.)

आठवणीवर विसंबायचं नसेल तर कागदही आहे. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न एरवी आईबापाच्या उत्पन्नात धरतात, पण मुलाने स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं त्याचं स्वतःचं धरतात. त्यामुळे तेव्हा तुझ्या नावाने पॅन काढलेलं असण्याची शक्यता बरीच. निर्मात्याने त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, भरला असेल तर आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये ते दिसेल. मानधनावर साधारण दहा टक्के कापतात, म्हणजे कापलेला आकडा गुणिले दहा. दुकानाचं रिटर्न भरणाऱ्या माणसाला विचार, तो अर्ध्या तासात काढून देईल. आणि चार एकरांचा सातबारा बघ. नानांच्या नावाने असला तर लगेच डोकं फिरवून घेऊ नकोस. आपल्याकडे जमीन बापाच्याच नावाने घ्यायची हे कोणी ठरवून करत नाही, हात आपोआप तसा लिहितो. पण पुढे वाटणीच्या वेळी ती कशाची आहे हे बहिणीला आणि तुला दोघांना माहीत असलेलं बरं.

मग एका वहीत लिहा. आलेले किती. खोलीचं भाडं, प्रवास, शाळेची फी, जमीन, बोअर, लग्न. खाली मायचं नाव लिहा आणि तिच्या पुढे साडेतीन वर्षं. ती कोणत्या रकान्यात धरायची ते तुम्ही बापलेकांनी ठरवा, मला ठरवता आलं नाही. नानांचंही लिहा. तेवढी वर्षं माणूस एकटा भाकरी थापून वेचणीला गेला असेल, आणि रात्री टीव्हीवर स्वतःच्या पोराला दुसऱ्याला 'बाबा' म्हणताना बघत असेल. हे तुला कधी सुचलं होतं का? मला तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचताना सुचलं.

पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही. चार एकर विकून तुला कोणी देणार नाही आणि तू घेणारही नाहीस. पण केलेल्या कामाचा आकडा माहीत असणं हा तुझा हक्क आहे. बाराव्या वर्षी काम सुटलं तेव्हा तुझ्या हातात ना आकडा पडला, ना कोणी 'चांगलं काम केलंस, आता घरी जा' म्हटलं. म्हणून ते अजून सुटल्यासारखं वाटत नाही.

राहिली मुंबई. नानांनी सांगितलेला फोन करू नकोस. ज्या माणसांना तू आठवतोस त्यांना आठ वर्षांचा आठवतोस, आणि फोनवर निघणारा तुझा आवाज त्यांना अनोळखी आहे. एकोणिसाव्या वर्षी तुला 'ओळखीचा चेहरा' म्हणाले ते उगाच नाही: नवा चेहरा हवा असतो तेव्हा ओळखीचा अडचणीचा ठरतो, आणि नावाजलेला हवा असतो तेव्हा ओळखीचा पुरत नाही.

पण तुला अभिनय आवडतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर पारोळ्यात राहूनही शोधता येतं. राज्य हौशी नाट्यस्पर्धेचं केंद्र जळगावला असतं. तालमी संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. तिथल्या एखाद्या ग्रुपकडे जा आणि सांग, पडेल ते काम द्या. नोकराचं, प्रेताचं, प्रॉम्पटिंगचं. दोन महिने तालमी कर, ज्यात कोणी सेल्फी मागत नाही आणि दिग्दर्शक 'मागच्या रांगेत ऐकू आलं नाही' म्हणून खेकसतो. मालिकेत कॅमेरा तुझ्याजवळ येत होता, इथे तुला आवाज लांब टाकावा लागेल. जुनं काही कामाला येणार नाही. प्रयोगाच्या रात्री एसटी चुकली तरी पुढच्या वर्षी पुन्हा करावंसं वाटलं, तर मग पुण्याच्या ललित कला केंद्राचा, मुंबई विद्यापीठाच्या नाट्यविभागाचा विचार कर. पदवी आहे तुझ्याकडे. नाही वाटलं, तर तसं कळल्याचंही मला लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लग्नाची घाई मात्र या सगळ्यात आणू नकोस. एक नकार आला, त्यात तुझ्यापेक्षा त्या काकांचाच हात जास्त असावा.

आणि बसस्टँडवरच्या माणसाला काय सांगायचं? अहिराणीत सोय बरी आहे. प्रश्नातलं क्रियापदच उत्तराला चालतं. 'आते काय करस रे भो?' 'ठिबकनं काम करस.' एवढंच सांग आणि त्याला विचार, कापूस किती एकर लावलाय. दहापैकी चार जण सेल्फी विसरून ड्रिपचा भाव विचारतील. तुझे मामा मला दुवा देतील.

एक राहिलंच. पत्रात नानांचं मत आहे, बहिणीचं आहे, मामांचंही असावं. भाच्याचं नाही. दिवाळीच्या आत एकदा त्याला एकट्याला मळ्यात घेऊन जा आणि विचार. डायलॉग म्हणून दाखव असं नाही, नुसतं विचार. तो काय म्हणाला ते मला कळव.

– ताई